मले हासू नाई आलं

"पंप आणा रे, पंप!"

कौस्तुभ माईकमंधून वरडला आन् दोन पोरं स्टेजच्या मागून फवारनीचा पंप घेऊन आले. पाठीवर अडकवायचा. पिवळा, नवाकोरा.

पुण्यातला हॉल. समोर खुर्च्यायवर पोरंच पोरं, मंधात काई पोरी. सारे गेम खेळनारे. सारे आमच्या ब्लॉगचे वाचनारे. मी ब्लॉग चालवनाऱ्या कौस्तुभच्या बाजूले उभी होती. मले लेखिका म्हून बोलावलं होतं. एकानं माहा हात धरून पंपाचा पट्टा खांद्यात घातला. दुसऱ्यानं दुसरा. तिसऱ्यानं आपल्या गळ्यातला गमजा काढून माह्या डोक्याले गुंडाळला. कोनी मले पुसलं नाई.

"तर मित्रांनो, ही आहे आपली खरीखुरी बोंडअळी!" कौस्तुभ म्हनला. "ओरिजिनल! थेट शेतातून! चल, आता म्हण, काऊन बे!"

सारा हॉल वरडला, "काऊन बे! काऊन बे!"

पंप रिकामा होता. तरी मले वास आला.

मी साखरखेर्ड्याजवळच्या एका खेड्यातली. आमाले वावर नाई. आमचं घर गावाच्या कडेले, जिथी आमच्या लोकायचं असते तिथी. माय दुसऱ्यायच्या वावरात कापूस वेचाले जाते. बाबा फवारनीले जायेत. गावात बीटी कपाशीच्या बियान्याची पाकिटं पहिल्यांदा आली तवा मी लहान होती. कंपनीचा मानूस पारावर बसून सांगून गेला का आता अळीची भानगड मिटली, फवारनीची गरज नाई. मालक लोकं खुश झाले. बाबा घरी आले आन् मायले म्हनले, "मंग आपुन का खाव?"

काई वर्स खरंच फवारनी कमी झाली. तेवढीच आमची मजुरी कमी झाली. मंग अळी परत आली. गुलाबी. बाहेरून बोंड साजरं दिसे, फोडलं का आत सारी किडकी सरकी. मालक घाबरले. आठवड्यात फवारा, पाऊस उघडला का फवारा, हे औषध त्या औषधात कालवा आन् फवारा. बाबायले काम भेटलं. रोज भेटलं. आमच्या घरात त्या वर्सी दोन्ही टाइम पोळी होती.

कपाशी डोक्याच्या वर वाढेल होती. फवारा वर मारला का परत तोंडावर ये. बाबायच्या तोंडाले मायच्या जुन्या पातळाचा तुकडा बांधेल, बस. एक दिवस ते दुपारीच घरी आले. माय दारात उभी होती. बाबायनं तिच्या तोंडाकडं पाह्यलं आन् पुसलं, "कोन हाये?"

एस्टीनं बुलढान्याले नेलं. दवाखान्यात तसे लय जन होते त्या हप्त्यात. बाबायचा जीव वाचला. नजर नाई वाचली. आता त्यायले उजेड आन् अंधार कळते. मानूस नाई कळत. मालक भेटाले आले नाईत. त्यायचं पोरगं आलं. आंगनातला पंप उचलून घेऊन गेलं. पंप त्यायचा होता.

मी बारावी झाली आन् देऊळगाव राजाले एका नेट कॅफेत कामाले लागली. शकीलभाईचं दुकान. लोकायचे ऑनलाइन कामं करून द्याचे, झेरॉक्स काढाची. दुपारी गिऱ्हाईक नसे. शकीलभाईनं पोरायसाठी कम्प्युटरवर गेम टाकून ठेवले होते. मी नुसती बसेल दिसली का ते म्हनत, "खाली काहे को बैठी बेटा, खेल."

मी खेळली. लय खेळली. गेममंधी मानूस मरते आन् परत उठून उभा राह्यते. एक लाल बाटली पेते आन् जखमा भरून येतात. मले ते आवडे बी आन् त्याचा राग बी ये. हे कोनाले तरी सांगाव वाटे. शकीलभाईच्या दुकानात कोनाले सांगनार?

तिथंच मले 'पुन्हा हरलो' सापडला. पुन्याच्या चार दोस्तायनं चालवलेला मराठी ब्लॉग. कोन्या कंपनीचा नाई. जाहिरात नाई. गेम खेळता खेळता झालेली फजिती लिहायची, गेम काढनाऱ्यायची टिंगल करायची, आन् खाली साऱ्यायनं मिळून एकमेकायले चिडवायचं. मी महिनाभर नुसती वाचत होती आन् एकटीच हासत होती.

मले सगळ्यात भारी काय वाटलं ते सांगते. तिथी कोनाले आडनाव नव्हतं. कोनी 'झोपलेला राक्षस', कोनी 'दीड शहाणी', कोनी 'मामाचा मोबाइल'. गाव कोनतं, बाप काय करते, कोनाचे तुमी, कोनी पुसत नव्हतं. तुमी हासवलं का तुमी मोठे. आमच्या शाळेत हजेरी घेतांनी सरायचा माह्या आडनावावर आवाज बदलत होता. इथी तसं काईच नाई. मी बी नाव घेतलं. बोंडअळी. बाहेरून दिसत नाई, आतून खाते.

पहिला लेख मी शेतीच्या गेमवर लिहिला. मोबाइलवरचा गेम, सारे खेळत होते तवा. सकाळी पेरलं का संध्याकाळी पीक. मी तो मायले दाखवला. तिनं लय वेळ पाह्यलं. मंग म्हने, "हा एकटाच पेरते, एकटाच निंदते, एकटाच वेचते. याच्या गावातले मजूर मेले का सारे?"

मी तेच लिहिलं. बाकी लेख पुस्तकातल्या मराठीत, मायचं बोलनं जसंच्या तसं. लोकं पोट धरून हासले. मंग मी लिहितच गेली. लाल बाटलीवर लिहिलं. लढाईच्या गेममंधी राजाचं घोडं मेलं तं नवं भेटते, पन त्या घोड्याले चारा कोन टाकते, त्यावर लिहिलं. कौस्तुभ तो ब्लॉग सांभाळे. तो खाली लिहित होता, 'बोंडअळी म्हणजे आपला हिरा आहे.' ते हासू माहं होतं. मी हासवलं म्हून ते हासले. कुठी हासायचं, कुठी थांबायचं, ते मी ठरवत होती.

मंग त्यायनं व्हिडिओ काढले.

मले पुसलं नाई. कौस्तुभचा नुसता मेसेज आला, 'तुझं कॅरेक्टर सुपरहिट होणार बघ.' ब्लॉगवरच्या कोन्या पोरानं बोंडअळीचं सोंग घेतलं होतं. फाटकं बनियन, डोक्याले गमजा, पाठीवर पंप. हातात गेमचा रिमोट, तो बी उलटा धरेल. तोंड वाकडं करून म्हने, "मले पानी द्या ना बे, मी लय दुरून येऊन राह्यलो." आन् मागून हासन्याचा आवाज. माह्या लेखातलं त्यात काईच नव्हतं. मायचा सवाल नव्हता, घोडं नव्हतं. नुसतं मले, तुले, काऊन.

मी तो व्हिडिओ घरी लावला होता. बाबा बाजीवर बसेल होते. त्यायले चित्र दिसत नाई, आवाज आयकला. म्हनले, "हा कोन्या गावचा हाये?"

मी म्हनलं, "पुन्याचा."

त्यायनं पुन्हा आयकलं. मंग म्हनले, "मंग लोकं काऊन हासून राह्यले? त्यानं तं नुसतं पानी मांगतलं."

मी मोबाइल बंद केला.

तरी मी पुन्याले गेली. ब्लॉगच्या साऱ्या लोकायची पहिली भेट होती. मले वाटलं, मी समोर उभी राह्यली, बोलली, का त्यायले कळंल. आपुन ज्याले हासून राह्यलो तो बावळट गडी नाईच, ते लिहिनारी एक पोरगी हाये, डोकं असलेली. मायनं दशम्या बांधून देल्या. देऊळगाव राजाहून जालना, तिथून पुढं पुन्याची गाडी. साऱ्या रस्त्यानं मी मनात भाषन पाठ करत होती.

हॉलच्या दारात टेबल टाकून एक पोरगी बसेल होती. गळ्यात अडकवायच्या पट्ट्या वाटत होती. मी म्हनलं, बोंडअळी.

"अय्या, तू मुलगी आहेस?" ती हासली. मंग पेन उघडून म्हनली, "आणि पूर्ण नाव?"

मी सांगतलं. तिचं पेन थांबलं.

"अच्छा, अच्छा," ती म्हनली. चांगल्या आवाजात म्हनली. तो आवाज मले पहिलीपासून ओळखीचा हाये.

आन् मंग तो स्टेज. तो पंप.

हॉल वरडून राह्यला होता. कौस्तुभनं माईक माह्या तोंडापुढं धरला. मी एक खांदा काढला, दुसरा काढला, पंप खाली ठेवला. डोक्याचा गमजा सोडला. लोकायले वाटलं हे बी नाटकातलंच हाये. टाळ्या वाजल्या. मी त्याच्या हातातून माईक घेतला. पाठ केलेलं भाषन कुठी गेलं काय माहीत. तोंडातून एवढंच निंघालं,

"असाच पंप होता. त्यानं माह्या बापाचे डोळे गेले."

हॉल फुटला. हासून हासून फुटला. मागच्या रांगेतून कोनी तरी शिट्टी मारली. "एक नंबर!" कोनी तरी वरडलं. कौस्तुभ मांडीवर थाप मारून हासत होता.

मले वाटलं त्यायले नीट आयकू आलं नाई. मी परत म्हनलं, हळू म्हनलं. "माहा बाप फवारत होता. त्याले आता दिसत नाई."

परत हासले. पहिल्यापेक्षा जास्त.

तवा मले कळलं. मी या भाषेत काईबी बोलली तरी इथी तो जोकच हाये. मी रडली तरी जोक हाये. मी मेली तरी हे टाळ्याच वाजवतील.

मी श्वास घेतला आन् शाळेत बाई शिकवत तशी एक एक अक्षर लावून बोलली.

"हा विनोद नाही. फवारणी करताना माझ्या वडिलांची दृष्टी गेली. ते आंधळे आहेत."

हॉल गप झाला. पंख्यायचा आवाज येऊ लागला. समोरच्या पोरीनं तोंडावर हात ठेवला.

बोलनं तेच होतं. बाप तोच होता. माह्या बोलीत त्याचे डोळे गेले तं मजा, त्यायच्या बोलीत गेले तं दुःख.

मी खाली उतरली. कौस्तुभ मागं मागं आला, बाहेर जिन्यात गाठलं.

"अगं, आधी सांगायचं ना! आम्हाला काय माहीत? विनोद आहे गं. तू तर आमच्यातलीच आहेस."

मी म्हनलं, "पंप आनतांनी मले पुसलं काय?"

तो म्हनला, अगदी मनापासून म्हनला, "पण तू किती छान शुद्ध बोलतेस. मग नेहमी तसं का नाही बोलत?"

त्याले खरंच कळत नव्हतं. त्याचाच मले जास्त राग आला. मी जिना उतरली.

ब्लॉगवर त्यायनं लिहिलं, कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर आम्ही दिलगीर आहोत. खाली काई जन माह्या बाजूनं बोलले. काई जनायनं लिहिलं, आजकाल साधा विनोदही करता येत नाही. एकानं लिहिलं, तिनं प्रसिद्धीसाठी केलं. व्हिडिओ बंद नाई झाले. त्या सोंगाचं नाव बदललं, पाठीवरचा पंप काढला. 'मले' आन् 'तुले' तेवढं ठेवलं.

मी घरी आली तवा बाबायले सारं सांगतलं. काई लपवलं नाई. ते मान खाली घालून आयकत होते. सारं झाल्यावर म्हनले, "मंग तू काऊन त्यायच्यावानी बोलली?"

"त्यायले समजलं नाई म्हून."

"समजलं होतं," बाबा म्हनले. "समजल्याबिगर कोनी हासते काय?"

माय चुलीपाशी भाकर थापत होती. तिनं वळून बाबायकडं पाह्यलं. मी साऱ्या रस्त्यानं स्वतःले समजावत आली होती का बिचाऱ्यायले आपली बोली कळली नाई. बाबायनं एका वाक्यात तो आधार काढून घेतला. त्या हॉलातल्या लोकायले पानी म्हंजे पानी कळत होतं. बाप म्हंजे बाप कळत होतं. बोलनारं कोन हाये, ते बी कळत होतं. म्हून तं हासले.

दुसऱ्या दिवशी शकीलभाईच्या दुकानात बसून मी 'पुन्हा हरलो'वरचे माहे सारे लेख काढून टाकले. एक बी ठेवला नाई. कौस्तुभचा फोन आला. "असं नको करूस, ते लेख आता सगळ्या कम्युनिटीचे आहेत," तो म्हनला. मी म्हनलं, "मायचं बोलनं माह्या घरचं हाये. घरी घेऊन चालली." फोन ठेवला.

आता मी माहा वेगळा ब्लॉग लिहून राह्यली. गेमवरच लिहिते, हासवाले लिहिते, पन पहिल्या अक्षरापासून आखरीच्या अक्षरापावतर आमच्या बोलीत. वाचनारे थोडे हायेत. कवा कवा दिवसभर कोनीच येत नाई. मले त्याचं वाईट वाटते, नाई वाटत असं म्हननार नाई. मांगच्या महिन्यात एकानं लिहिलं, "ताई, तुम्ही छान लिहिता. पण सगळ्यांना कळेल अशा मराठीत लिहा ना." मानूस चांगला असंल. मी त्याले उत्तर देलं, "तुमाले कळते."

मले कोनाची माफी नको. कीव तं बिलकुल नको. त्या हॉलमंधी मी एकदा माह्या बापाचं दुःख धुऊन, इस्त्री करून लोकायपुढं ठेवलं. तवा त्यायनं ते हातात घेतलं. परत तसं करनार नाई. ज्याले वाचायचं हाये त्यानं माह्या बोलीत यावं, आन् मी हासवीन तिथीच हासावं.