डायरीत न लिहिलेले लाडू

माझ्या धाकट्या बहिणीला दुर्मीळ आजार होता. तिच्या अंगावर चरबी धरायचीच नाही, सगळी रक्तात उतरायची. नव्या औषधाच्या चाचणीत तिला घेतलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, तूप बंद आणि रोजचं खाणं डायरीत लिहायचं. लिहायचे मीच.

पण बोरीवलीच्या आमच्या सोसायटीतल्या बायका तिचे काटकुळे हात बघून मला विचारायच्या, "पोरीला उपाशी ठेवतेस काय गं?" मला ते झोंबायचं. मी तिला रोज तुपातले डिंकाचे लाडू भरवले आणि डायरीत भाकरी-भाजी लिहिली.

रक्तातली चरबी वाढलेलीच निघाली. औषध लागू पडत नाही म्हणून तिला चाचणीतून काढताना डॉक्टरांनी विचारलं, "डायरीबाहेर काही खाल्लंस?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही."

मी डायरी मिटून पिशवीत ठेवली.