पुलासमोरची फौजी बाई

गावात त्यांना सगळे फौजी बाई म्हणतात. सैन्यात नर्स होत्या. आता घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचं बीपी तपासतात आणि प्रत्येक वाक्यामागे "समजलं का?" विचारतात.

गेल्या श्रावणात धाम नदीचं पाणी पुलावरून वाहत होतं. माझी मुलगी सावंगीच्या दवाखान्यात बाळंतपणात अडली होती. मी एसटीनं तिकडेच निघालो होतो. ड्रायव्हर बस पाण्यात घालणार, तोच फौजी बाई उतरून बससमोर उभ्या राहिल्या.

"बाई, बाजूले व्हा! पोरगी अडली हाये माझी!" मी ओरडलो.

"पाणी उतरल्याशिवाय बस जाणार नाई. समजलं का?"

लोक शिव्या देत होते. इतक्यात एक भलं मोठं झाड वाहत आलं आणि पुलाचे कठडे मोडून घेऊन गेलं.

फौजी बाई बसमध्ये येऊन माझ्याशेजारी बसल्या.

"लय भेव लागलं होतं मले," त्या हळूच म्हणाल्या.

"पाण्याचं?"

"नाई, तुमचं. वाटलं, ड्रायव्हरले म्हणता का काय, घाल बस अंगावर."

संध्याकाळी पाणी उतरलं. मुलगी सुखरूप बाळंत झाली. पण मी ड्रायव्हरला खरंच तसं म्हणालो होतो, हे त्यांना सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.