धुळ्यापर्यंतचं इंजिन

एखादी चूक माणसाने किती मनावर घ्यावी, याचा अख्ख्या खानदेशातला उच्चांक माझ्या बायकोच्या मामांच्या नावावर आहे, आणि तो मोडायला कोणी पुढे येईल असं मला वाटत नाही. आपण चुकतो, दोन दिवस तोंड लपवतो आणि तिसऱ्या दिवशी शेवभाजी खायला बाहेर पडतो. मामा एकदाच चुकले, तेही एकोणिसाव्या वर्षी. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी ती चूक ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून, जराही गंजू न देता सांभाळली.

गोणपाटात होतं ते इंजिन. मामांच्या वडिलांचा धरणगावला कापसाचा व्यापार होता आणि दारात एक जुनी विलायती पेट्रोल गाडी होती, काळी, गोल पाठीची. थोरल्या मुलीचं लग्न धुळ्याला ठरलं तेव्हा ती सासरी याच गाडीतून जाणार आणि गाडी मामा चालवणार, हे घरात कोणी कोणाला विचारलंसुद्धा नाही. ही थोरली मुलगी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना सगळे अक्का म्हणतात. लग्नाच्या दिवशी हार बांधणं आणि काचा पुसणं यात मामांची सकाळ गेली आणि गाडीत पाणी घालायचं राहून गेलं. एरंडोल सोडल्यावर वाफ निघाली, मग खडखड झाली, मग इंजिन जाम झालं. मागून कापसाने भरलेला एक ट्रक येत होता. वडीलधाऱ्यांनी नवरानवरीला त्याच्या केबिनमध्ये बसवून पुढे धाडलं. मामा गाडीपाशी थांबले. पुढे वडिलांनी गाडीत डिझेलचं इंजिन बसवून घेतलं आणि मूळचं मामांनी ग्रीस लावून गोदामात ठेवलं. अक्का मात्र सासरी बरीच वर्षं 'ट्रकमधून आलेली सून' म्हणून ओळखल्या गेल्या.

मामांची नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात झाली. घराएवढ्या टर्बाइनची देखभाल करून ते निवृत्त झाले, जळगावला स्थायिक झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात ती काळी गाडी आणि गोदामातलं इंजिन घरी आणलं. मी सहज म्हणालो, "मामा, आहे ते डिझेलचं चांगलं चालतंय की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जावई असल्याचा काही उपयोग नाही हे मला कळलं. "जावईबापू," ते म्हणाले, "ज्या इंजननी अक्काले वाटमा सोडं, त्यानीच तिले धुळाले पोचाडाले पाहिजे."

प्रत्येक भाग मूळच्यासारखाच हवा या मामांच्या हट्टापायी त्यानंतरची सात वर्षं आमच्या नातेवाइकांत 'ओरिजिनल' हा शब्द कोणी हसत उच्चारला नाही. एका गॅरेजवाल्याने बिचाऱ्याने सुचवलं की मामा, ट्रॅक्टरचा पिस्टन थोडा तासून बसवून देतो, कोणाला कळणार आहे? मामा समोरचा चहा तसाच ठेवून उठले. आमच्याकडे मुलीचं स्थळ मोडतानासुद्धा लोक चहा पिऊन मग मोडतात. हल्ली बेअरिंग तयार मिळतात, दोन तासांत बसतात. मामांनी जुन्या पद्धतीने पांढरा धातू ओतून घेतला आणि तो हाताने खरवडत बसले. बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या दांड्याला निळा रंग लावायचा, तो फिरवून पाहायचा, जिथे रंग लागला तिथे केसभर खरवडायचं आणि पुन्हा रंग लावायचा. हे अकरा महिने चाललं. त्या काळात मामींनी केलेल्या भाकरीवरही निळे ठसे असायचे, आणि पाहुणे ते मुकाट्याने बाजूला काढून खायचे.

खिशात मोजमापाचा मायक्रोमीटर कायम. आमच्या भाच्याच्या लग्नात वरणबट्टीची पंगत बसली होती. मामांनी पानातल्या दोन बट्ट्या मोजल्या आणि आचाऱ्याला बोलावून अत्यंत सभ्यपणे सांगितलं की तुमच्या हाताला सारखेपणा नाही. आचारी पहिल्यांदा हसला आणि मग मामांचा चेहरा बघून खरोखरच खजील झाला. तो दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, त्यांनी देवघरात उभा करून ठेवला होता, कारण घरात तेवढाच कोपरा असा होता जिथे कोणाचा धक्का लागत नाही. "आडवा ठेवा ते वाकस," एवढंच त्यांचं म्हणणं. मामी दिवा लावताना मला म्हणाल्या, "मन्हा देव कोपरामा गयात, आनि हाई लोखंड मधमा बसनं." पण बोलता बोलता त्यांनी पदराने त्या लोखंडावरची धूळही पुसली.

हे सगळं आम्ही चवीने सांगायचो. एक गोष्ट मात्र सांगताना कोणाला हसू येत नसे. इंजिन झाल्याशिवाय अक्काच्या दारात पाय ठेवायचा नाही, असं मामांनी ठरवून टाकलं होतं. दिवाळी गेली, राखी पोस्टाने आली, अक्कांच्या घरी नातवाचं बारसं झालं, मामा नाहीत. मग अक्कांना हृदयाचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता फार दिवसांचा भरवसा धरू नका. बायको रडतच मामांकडे गेली. म्हणाली, मामा, बसने चला, दोन तासांचा रस्ता आहे. मामा मान खाली घालून बेअरिंग खरवडत होते. "हाई मोकळा हातनी मी तिना सामने कसा जाऊ, बेटा?" ते म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि तो राग मी अजून पूर्ण गिळलेला नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी जेवणाची वेळसुद्धा अर्धी केली, हेही खरं.

गेल्या माघात इंजिन सुरू झालं. पहिल्या आवाजाला मामींनी हात जोडले. डॉक्टरांनी फार कुरकुर करत परवानगी दिली तेव्हा आम्ही अक्कांना आमच्या गाडीतून धरणगावला माहेरी आणलं; काळी गाडी घेऊन मामा तिथे आधीच पोचले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काळ्या गाडीच्या मागच्या सीटवर अक्का आणि माझी बायको, पुढे मी, आणि स्टिअरिंगच्या चाकावर इस्त्रीचा शर्ट घातलेले मामा, अशी धुळ्याची वाट धरली. पाणी त्यांनी तीनदा पाहिलं होतं. नवं बांधलेलं इंजिन सुरुवातीला हळू चालवावं लागतं, म्हणून आम्हाला उसाचे ट्रॅक्टरही ओलांडून जात होते आणि ट्रॅक्टरवाले वर मागे वळून हसत होते. एरंडोल मागे पडलं तसं मामांचं बोलणं थांबलं. तेव्हा गाडी जिथे बंद पडली होती त्या निंबाजवळ त्यांनी तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. गाडी आपली चालत राहिली. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं ते त्यांनी पुसलं नाही, दोन्ही हात चाकावर होते. पारोळ्यालाही ते थांबले नाहीत.

धुळ्याला अक्कांच्या दारात गाडी उभी राहिली. मामांनी इंजिन बंद केलं, मागे वळले आणि एकोणीस वर्षांच्या पोरासारखं विचारलं, "अक्का, पोचाडी ना मी तुले?"

अक्का लगेच उतरल्या नाहीत. मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या.

"भाऊ, गाडी बंद पडनी त्याना माले कधीच राग नव्हता," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू मन्ही पाठराखण कराले येनार व्हता. ट्रकमा तुन्ही जागा व्हती. तू गाडीजोडे बशी राहिना, आनि मी परका घरमा एकली उनी. आते बी सात वरीस तू इंजनजोडेच बशी राहिना."

मामांचा हात किल्लीवर होता तो तिथेच राहिला. ते म्हणाले, "मंग आतेपावत सांगं कसाले नही?"

"तू इचारंच नही, भाऊ."

अक्कांच्या आवाजात चीड नव्हती, म्हणून तर ते ऐकवेना. मी आणि बायको खाली उतरून उगाचच सामान काढत राहिलो.

गाडी आता जळगावला आच्छादनाखाली उभी असते. इंजिन उत्तम आहे असं जाणकार म्हणतात; मामा त्याबद्दल स्वतःहून काही बोलत नाहीत. दर शुक्रवारी सकाळी ते एसटीने धुळ्याला जातात. अक्कांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसतात, त्यांच्या गोळ्या बघतात, त्याच त्या धरणगावच्या गोष्टी ऐकतात, आणि प्रत्येक गोष्टीनंतर एखादा प्रश्न विचारतात. उशीर झाला, शेवटची बस जाईल म्हणून आम्ही फोन करतो. पण अक्का स्वतः "जाय आते" म्हणत नाहीत तोवर मामा खुर्चीवरून उठत नाहीत, आणि अक्काही हल्ली ते म्हणायला जरा वेळच लावतात.