बांधापलीकडच्या गुंडाळ्या

वडीगोद्रीच्या शिवारात रखमाजींच्या शेताइतके नेटके शेत दुसरे नव्हते. बांधावर तण दिसत नसे. खुरपी आणि विळे झोपडीच्या भिंतीवर लांबीच्या क्रमाने टांगलेले असत. टरबुजाचा हंगाम संपला की वाफ्यांवर अंथरलेला मल्चिंगचा प्लास्टिक कागद ते स्वतः उपटून काढत आणि मातीत एक चिंधीसुद्धा राहू देत नसत. मग त्याच्या घट्ट गुंडाळ्या वळून, सुतळीच्या दोन गाठी मारून, त्या बांधापलीकडच्या ओढ्यात नेऊन ठेवत. कालव्याला पाणी सुटले की जादा पाणी ओढ्यात उतरे आणि आठ दिवसांत ओढा मोकळा होई. अकरा वर्षे हा शिरस्ता चालला होता. कागद जाळणे त्यांना खपत नसे. काजळी कडुलिंबावर बसते. ओढा गोदावरीला मिळतो, एवढे त्यांना ठाऊक होते. त्यापुढचा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

तो विचार घरात आणला अर्पिताने. त्यांची ही नात मत्स्यविज्ञान शिकत होती आणि प्रशिक्षणासाठी महिनाभर आंध्रच्या किनाऱ्यावर, गोदावरी समुद्राला मिळते तिथे, गेली होती. घरात कोणीच समुद्र पाहिलेला नसल्याने सकाळी तिचा फोन आला की सगळे भोवती जमत. त्या दिवशी तिचा आवाज पडलेला होता.

"आबा, काल एक मेलेलं कासव लागलं किनाऱ्याला. परातीएवढं. पोटात अंडी होती. सरांनी चिरलं, तर आतडं गच्च."

"कशानं गं?"

"कागदानं. एका बाजूनं चांदीसारखा, दुसऱ्या बाजूनं काळा. आपल्या टरबुजातला असतो ना, तसलाच. तुम्ही काय करता त्याचं?"

रखमाजींनी हातातला घास ताटात ठेवला. "सगळा गोळा करतो," ते म्हणाले. त्यात खोटे काही नव्हते. पुरते खरेही नव्हते.

"वाटलंच मला. मी सरांना सांगितलं, माझे आबा एक चिंधी बी मातीत ठेवत न्हाईत."

यंदाच्या एकोणीस गुंडाळ्या ओढ्यातच पडल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी कालव्याला पाणी सुटणार होते. रखमाजी ताटावरून उठले ते थेट ओढ्यात उतरले.

"काय रे रखमा, काही हरवलं का?" शेजारचा सर्जेराव बांधावर उभा राहून हसला.

"गुंडाळ्या काढून राह्यलो."

"तूच टाकल्या की! उद्या जातीलच आपोआप."

"कुठं जातील?"

"खाली."

"खाली म्हंजे कुठं?" रखमाजींनी त्याला कासवाची हकीकत सांगितली.

"मधी धरणं किती हायेत! तुझा कागद काय तिकीट काढून समुद्राला गेल्ता?"

"नसंल गेला. पण न्हाईच गेला, असं तरी कसं म्हनू?"

सर्जेरावाचे हसू मावळले. पण तो खाली उतरला नाही.

संध्याकाळपर्यंत अठरा गुंडाळ्या वर आल्या. एकोणिसावी बाभळीच्या मुळ्यांत फाटली होती. तिच्या चिंध्या रखमाजींनी नखांनी उपसल्या. काही हाती लागल्या नाहीत. अंबडच्या भंगारवाल्याने फोनवरच कानांवर हात ठेवले: "मातीनं भरलेला कागद कोन घेतंय, बाबा?" शेवटी ती रास फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली रचावी लागली. येणारे-जाणारे थांबून विचारू लागले, "रखमाजींच्या शेतात उकिरडा?"

शनिवारी अर्पिता आली. फाटकापाशीच तिने रास पाहिली आणि तिचा चेहरा उजळला.

"हा यंदाचा. आन् मागच्या सालांचा कुठं ठेवला, आबा?"

रखमाजी तिला बांधापर्यंत घेऊन गेले आणि त्यांनी ओढ्याकडे बोट दाखवले. पाणी नितळ वाहत होते. अर्पिता बराच वेळ त्याकडे पाहत राहिली. आबांकडे मात्र तिने मान वळवली नाही.