ही शीग कुणाची?

विष्णुपंत मास्तरांची आणि माझी ओळख मळवलीला झाली, तीही भांडणाने. पहिली जर्मन लढाई संपून दोन-तीन वर्षे झाली असतील. मी एका व्यापाऱ्याकडे मापारी होतो. शेतकऱ्याकडून भात घेताना पायलीवर शीग, म्हणजे काठाच्या वरची रास, चढवायची आणि विकताना तीच पायली पट्टी फिरवून सपाट करायची, ही रीत वडिलांपासून चालत आलेली. तळेगावच्या शाळेतले हे मास्तर बराच वेळ नुसते पाहत राहिले आणि मग त्यांनी विचारले, "ही शीग कुणाची?" मी त्यांना चालते व्हायला सांगितले.

पुढे त्यांनी शेतकऱ्यांची भात-विक्री मंडळी काढली आणि मापारी म्हणून मलाच बोलावले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असे लोक म्हणाले. नियम एकच होता: घेताना-देताना माप सपाट. तिशी ओलांडलेल्या मला अक्षरेही त्यांनीच गिरवायला लावली, म्हणून आज हा लेख लिहितो आहे.

पहिल्या हंगामात पुण्याच्या गिऱ्हाइकासाठी रेल्वेची वाघीण, म्हणजे मालाचा डबा, ठरली. ती चुकली तर मंडळी बुडणार, हे सर्वांना ठाऊक होते. घाईत माझा हात सवयीवर गेला आणि सकाळपासूनचे सारे भात मी शिगेने मोजून घेतले. दुपारी मास्तरांच्या ते ध्यानात आले. गप्प का राहिलात, असे त्यांनी रांगेतल्या ठकूबाई मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, "शीग तर द्यावीच लागती, मास्तर. न्हाई दिली तर मोजल्यावानी वाटत न्हाई."

मास्तरांनी पोती सोडवून सारे भात पुन्हा मोजायला लावले. वाघीण जाईल, असे मी परोपरीने सांगितले. ते म्हणाले, "वाघीण गेली तर मंडळी बुडेल. पण शीग राहिली, तर मंडळी हवी कशाला?"

वाघीण गेली. व्यापारी हसले. मला मास्तरांचा आलेला राग अजून पुरता गेलेला नाही. त्यांनी ते भात कांडून घेतले आणि सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याच्या बंगल्यांतून तांदूळ विकत हिंडले. एका स्वयंपाक्याने मापावर शीग मागितली, तेव्हा गोणी उचलून परत निघाले. मंडळी कशीबशी तगली.

पुढच्या हंगामात माझ्या हातून पुन्हा शीग चढलीच. ठकूबाई मावशींनी तळवा फिरवून वरचे भात आपल्या पोत्यात ओढले आणि म्हणाल्या, "ही शीग माजी हाय." मास्तर जवळच उभे होते. त्यांचे डोळे भरून आलेले मी तेव्हा एकदाच पाहिले.

आज मास्तरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचा दमा हटो, प्रकृती ठणठणीत राहो. आयुष्याचे माप मात्र त्यांनी आम्हां सर्वांकडून शिगेने घ्यावे. एवढ्यापुरती तरी त्यांनी पट्टी मागू नये.