मागचं डावं चाक आणि आण्णा

आण्णांच्या गॅरेजात गाडी नेली की आपण तोंड उघडायचं नाही. "आवं बाई, आधी गाडीला बोलू द्या की," म्हणत ते मला बाकड्यावर बसवायचे आणि जुन्या धोतराचा बोळा घेऊन गाडी पुसायला लागायचे. बिघाड कसलाही असो, पुसणं आधी. माझ्या नवऱ्याने एकदा वैतागून विचारलं, "आण्णा, तुम्ही मेकॅनिक की गाड्या धुणारे?" आण्णांनी त्यांना हसून चहा पाजला आणि मुद्दाम आणखी अर्धा तास पुसत बसले.

तासगावात बेदाण्याच्या दोन गोदामांच्या मधे चेंगरून त्यांचं गॅरेज होतं. कागदावर नाव जिनगोंडा, पण ते बहुधा फक्त वीजबिलालाच माहीत. उंच, काटक, कपाळाला गंध, आणि स्वतःच्या हातावर असा विश्वास की ऐकणाऱ्याला लाज वाटावी. खिशात चष्मा असायचा, तो लग्नपत्रिका वाचायला. "गाडीखाली माजी बोटं बघत्यात," असं ऐटीत सांगायचे. पुण्याचा मुलगा दर रविवारी फोन करून मोतीबिंदूचं ऑपरेशन करा, गॅरेज बंद करा म्हणून डोकं खायचा. आण्णांचं उत्तर ठरलेलं. "बंद करतो रं. मग सकाळी उठून पुसू कुणाला, तुज्या आईला?"

मी कडेगाव तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. रोज माझ्याच जुन्या गाडीने जाते, बरोबर आणखी दोन शिक्षिका असतात. गेल्या हिवाळ्यात मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने काळा चिकट ओघळ दिसायला लागला आणि ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढायची. मी सरळ आण्णांकडे गेले.

"मधी कुणी हात लावलावता?" त्यांनी पहिला प्रश्न टाकला.

महिन्यापूर्वी साताऱ्याला बहिणीकडे गेले होते, तेव्हा तिथल्या एका गॅरेजात मागचे ब्रेक दाखवले होते. हे ऐकल्यावर आण्णांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "साताऱ्याची माणसं पलटणीत लय भारी. पण गाडीखाली? न्हाई बाई, गाडीखाली न्हाई." मीही कमी नाही. बहीण राहते म्हणून, नाहीतर त्या गावात मी चाकात हवासुद्धा भरणार नाही, असं बोलून मोकळी झाले. दोघांनी मिळून त्या बिचाऱ्या सातारकराचा यथेच्छ उद्धार केला.

मग पुसणं झालं. चाक आतून-बाहेरून कोरडं करून आण्णा म्हणाले, "पर्समधी खडू असंल न्हवं?" होताच. त्यांनी तो विटेवर घासला आणि न्हाऊ घातलेल्या बाळाला पावडर लावावी तशी ती भुकटी चाकामागच्या पत्र्यावर थापली. "आता फाट्यापतुर जाऊन या. धा येळा ब्रेक मारा."

मी फेरी मारून आले, चाक निघालं. त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली. "बघा, काळी रेघ कुठनं निघती?"

"आता का? बोटं बघतात ना तुमची?" मी टोमणा मारला. एरवी दोन परत आले असते. त्या दिवशी आण्णांनी नुसतं पत्र्याकडे बोट दाखवलं.

रेघ वरच्या ब्रेकच्या नळीपासून नव्हती, चाक ज्यावर फिरतं त्या मधल्या हबपासून थेट निघाली होती. त्यांनी बोटाने ओघळ चोळला, वास घेतला. "ब्रेकचं तेल न्हाई ह्ये. ग्रीस हाय. आतलं सील सोडतंय." त्यांनी ड्रम उतरवला. आत ब्रेकचे लायनर ग्रीसने माखलेले. ग्रीस आत अडवणारी रबराची बांगडी, ते सील, उलटं बसलं होतं.

"सापडला की नाही सातारकर!" मी टाळी वाजवली.

आण्णा हबच्या नटातून काढलेली वाकडी पिन चाचपत होते. "बाई, ही पिन माजी हाय. एक पाय वर मुडपतो, एक कापून टाकतो. माज्याबिगर कोण करत न्हाई असं." मग उठून त्यांनी उजवं चाक उघडलं. तिथली पिन वेगळी होती आणि काम चोख होतं. साताऱ्याच्या माणसाने फक्त उजवी बाजू उघडली होती. डावीकडे दिवाळीत आण्णांनी काम केलं, त्यानंतर कुणाचाच हात लागला नव्हता.

"होतं हो कधीकधी," मी पुटपुटले.

"तुमच्या शाळंत होत असंल."

घरून काकूंचे, म्हणजे आण्णांच्या बायकोचे, जेवायला या म्हणून दोन फोन येऊन गेले. आण्णा जैन, दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत. दिवस मावळला आणि ते उपाशी राहिले. चष्मा लावून नवं सील बसवलं, लायनर बदलले, आणि प्रत्येक टप्प्याला मला विचारलं, "कड आत हाय न्हवं? नीट बघून सांगा." इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

दिवाळीपासून चाकं उघडलेल्या आणखी दहा गाड्या त्यांना तोंडपाठ होत्या. त्यांनी नावं सांगितली, मी नंबर लावत गेले. प्रत्येकाला एकच वाक्य. "तुमच्या गाडीत माज्या हातनं चूक झाली असंल. गाडी हलवू नगा, मीच येतो." दोन दिवस शाळेला रजा टाकून मी त्यांना घेऊन फिरले. दहाही गाड्या त्यांनी चष्मा लावून उघडल्या. दहाही बरोबर निघाल्या.

परतताना मी खुशीत होते. आण्णा म्हणाले, "आता पोराला फोन लावा. गॅरेज बंद करतोय म्हणून सांगतो."

मी भांडलेच. "अहो, अकरातल्या दहा बरोबर! आमच्या वर्गात कुणाला एवढे मार्क पडले तर आम्ही पेढे वाटतो."

आण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"तुमच्या गाडीत रोज तीन बाया बसत्यात, बाई. त्यातली कुठली नापास करू?"

मी गाडी कडेला घेतली आणि नंबर लावून दिला.