गाईपुढे टाकलेली कणीक

मी मळलेली कणीक त्या बाईनं गाईपुढे टाकली. माझ्यासमोर. परात उचलली, मागचं दार उघडलं अन् ओतली. मग परात मोलकरणीकडे सरकवली. "राखेनं घास. दोन डाव," म्हणली. गाय खाऊन राह्यली होती. गाईले काही झालं नाही.

इतकी वर्षं झाली, पण कच्च्या कणकेचा वास आला का मले अजून ती परात दिसते.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटची गोष्ट आहे, सत्तरच्या दशकातली. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होती. बाप भरवेलीच्या खाणीत, माय तिथंच मँगनीज वेचायले. नागपूरले शिकताना एका सरांनी मले एका नव्या भाषेचं पुस्तक दिलतं. कम्प्युटरची भाषा. तिच्यात अक्षरं थोडी अन् चिन्हंच जास्त, बाण, गोल, तिरप्या रेघा. एक चिन्ह लिहिलं का आकड्यांची अख्खी रांग एकाच वेळी कामाले लागते, एकेका आकड्याच्या मागं लागा लागत नाही. मले वेड लागलं होतं तिचं. मशीन तर मी जिंदगीत पाह्यली नव्हती. कागदावरच करत बसायची.

असेच वेडे गावात आणखी निघाले. खाणीतले एक इंजिनियर साहेब, कॉलेजातले काही प्रोफेसर. साहेबानं आपल्या बंगल्यात एक दिवसाचं शिबिर ठेवलं. मुंबईहून एक पाहुणे येणार होते, त्यांच्याकडे ती मशीन होती. दुपारी ज्यानं त्यानं फळ्यावर आपलं काम दाखवायचं, अन् त्यातून एकाले पाहुणे मुंबईले मशीनवर शिकायले नेणार. मले जायचं होतं. त्यापुढं मले दुसरं काही दिसत नव्हतं.

सकाळी पाहुण्यानं आम्हालेच आकडे केलं. सगळ्यांले एका रांगेत उभं केलं, हातात चिठ्ठ्या दिल्या. कोणाले एक, कोणाले शून्य. मग फळ्यावर तिरपी रेघ ओढली. शून्यवाले खाली बसले, एकवाले उभे राह्यले. "पाहा," ते म्हणले, "एकच हुकूम. कोणाला नाव घेऊन बसवलं नाही. ही भाषा माणूस बघत नाही." टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात माझ्या.

मग साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, जरा आत जाता का? बाईसाहेब एकट्याच आहेत."

एक प्रोफेसर हसला. "लेडीज के बिना पूरी गोल नहीं होती."

मी एकटीच बाई होती तिथं. उठली. काहून उठली? आमच्याकडे पाहुणी गेलेली बाई चुलीपाशी बसतेच. कोणाच्या घरी आयतं जेवायचं नाही, हे मायनं लहानपणापासून डोक्यात घातलं होतं. शिबिर बाहेर चालू राह्यलं अन् मी परातीपुढे बसली.

साहेबाची बायको आधी गोडच बोलली. "ये बाई, बस. मोहन कमी पडलं तर सांग." कणीक मळता मळता तिनं विचारलं, कुठली गं तू? म्हणलं, भरवेलीची. कोणाची? मी बापाचं नाव सांगतलं, आडनाव सांगतलं. तिचा लाटण्यावरचा हात थांबला.

"तुमच्याकडे देव कोणते?"

"देव नाही. बुद्धाची तसबीर आहे. माय-बापानं दीक्षा घेतली."

"बरं," ती म्हणली. एकदम हळू. "हात धुऊन घे. बाहेरच्या नळावर."

मी हात धुऊन आली तर परात गाईपुढे चालली होती. ती ओरडली नाही, शिवी दिली नाही. उलट हसली. "राग नको मानू हं. घरात सोवळं आहे." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीले उत्तर देता येते.

जेवायले हॉलमध्ये पंगत बसली. पाट, रांगोळी, स्टीलची ताटं. माझी पत्रावळ व्हरांड्यात होती, सगळ्यांच्या चपला काढल्या होत्या तिथं. साहेबानं पाह्यलं. पाहुण्यानं पाह्यलं अन् वरणभात कालवत राह्यला. सकाळी माणूस न बघणारी भाषा शिकवली त्यानं, दुपारी त्यालेही माणूस दिसला नाही.

साहेब हात पुसत बाहेर आले. "मॅडम, मी हे काही मानत नाही. पण घरातल्या बायांपुढे आपलं चालत नाही. फळ्यावर तुमचाच नंबर पहिला लावतो, मग तर झालं?"

थू. मले त्याच्या बायकोपेक्षा त्याचीच किळस जास्त आली. मी पत्रावळीले हात लावला नाही.

पहिला नंबर माझा लागला. मी शाळेतल्या मुलींच्या मार्कांचं काम बसवून आणलं होतं. ते पिशवीतच ठेवलं. फळ्यावर दुपारी जेवायले थांबलेल्या सगळ्यांची नावं लिहिली, एका रांगेत. साहेब, प्रोफेसर, पाहुणे. शेवटी माझं. त्या नावांच्या आधी आकड्यांची रांग लिहिली, प्रत्येकासाठी एक अन् माझ्यासाठी शून्य. मधात सकाळचीच तिरपी रेघ. खाली उत्तर लिहिलं. सगळी नावं आली, माझं गेलं.

"भाषा माणूस बघत नाही, बरोबर आहे," मी म्हणली. "पण शून्य तर माणूसच लिहिते न? ह्या घरात आज कोणं लिहिलं, तेवढं सांगा."

दाराआड बांगड्या वाजल्या.

"हे गणित नाही," पाहुणे म्हणले. "इथे राजकारण नको."

"मॅडम, घर की बात है," साहेब म्हणले.

"हौ, तुमच्या घरचीच आहे. म्हणून तुमच्या घरात सांगतली."

खडू ठेवला अन् निघाली.

मुंबईले तोच पुरीवाला प्रोफेसर गेला. मी घरी आली तेव्हा माय काळे हात धूत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणली, "चूप राह्यली असती तं मुंबई भेटली असती, बाई."

"हौ," मी म्हणली. "भेटली असती."

ती मशीन मले पुढंही भेटली नाही. त्याचं दुःख आहे, खोटं काहून बोलू. पण त्या दिवसापासून मी कोणाच्याच घरी चुलीपाशी बसत नाही. ज्या कामाले बोलावलं त्याच कामाले बसते. जेवायच्या आधी विचारते, माझं पान कुठं मांडलं. चपलांपाशी दिसलं तर घरच्यांले सगळ्यांदेखत विचारते, कोणं मांडलं. बाया म्हणू नका, रीत म्हणू नका. नाव सांगा. अन् नाव ऐकल्याशिवाय मी त्या दारातून हलत नाही.